कॉलेज थिअरी ऑनलाइन करणार म्हणते, आमचं लेखी मत मागितलंय. तुमचा अनुभव काय?

तुरीचं_वावर

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात. आमचे बॉटनीचे सर रिटायर झाले आणि ती जागा भरलीच नाही, तासिकेवर कोणीतरी येईल येईल म्हणता म्हणता सेमिस्टर गेलं. आता कॉलेज म्हणून राहिलं की पुढच्या सेमिस्टरला बॉटनीची थिअरी ऑनलाइन, दुसऱ्या कॉलेजच्या एक मॅडम रोज सकाळी ८ ला गूगल मीटवर शिकवतील, आणि एक विषय स्वयमवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायचा, त्याचे क्रेडिट मिळतील. प्रॅक्टिकल तेवढं कॉलेजात, आठवड्यातून दोन दिवस. ठरवायच्या आधी आम्हाला विचारलं ही गोष्ट मला आवडली, वर्गाचं मत लेखी द्या म्हणाले, आणि मी वर्गप्रतिनिधी असल्यामुळे ते लिहायचं माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं सगळे नेटवर्कवरूनच बोलतील. काही जण बोललेही, पण खरी मतं वेगळ्याच गोष्टींवरून पडली. गावावरून येणाऱ्या मुलींना आधी बरं वाटलं, सकाळची एसटी चुकली की तो दिवस गेलाच, आणि विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत असली तरी उरलेले पैसे काही घरांत मोजून द्यावे लागतात, ते वाचतील. मग त्यातलीच एक म्हणाली, अगं पुढचं सेमिस्टर म्हणजे कापूस, मग तूर, मग हरभरा. मी घरी दिसली की आई म्हणणार ते कानात लाव आन चाल वावरात. कॉलेजात असते तेव्हा मी शिकत असते, घरी असली की मी रिकामी असते. हे ऐकल्यावर बाकीच्या चूप झाल्या. ती आईची तक्रार करत नव्हती, वेचणीला बाया मिळत नाहीत हे आम्हा सगळ्यांच्याच घरी माहीत आहे.

दुसरा एक मुलगा आहे, हुशार आहे पण बोलत नाही. तो म्हणे मीटवर प्रश्न विचारायची हिंमतच होत नाही, सगळ्यांना आपला आवाज ऐकू जाते. वर्गातही होत नाही, पण तिथे तास संपल्यावर सरांच्या मागे मागे स्टँडपर्यंत जाऊन विचारता येते.

आमची नववी अख्खी मोबाईलवर गेली त्यामुळे काही जण ऑनलाइन म्हटलं की ऐकूनच घेत नाहीत. पण तेच लोक परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर मराठीतला व्हिडिओ शोधून तोच टॉपिक तीन-तीनदा पाहतात आणि म्हणतात लय भारी समजलं. म्हणजे त्यांना मोबाईलवर शिकणंच नको आहे असं काही नाही.

ज्यांनी पदवी ऑनलाइन किंवा अर्धी ऑनलाइन केली त्यांनी सांगा, काय समजलं, काय राहून गेलं, आणि आम्ही कॉलेजकडे नेमकं काय मागावं. मला नुसतं होय किंवा नाही लिहून द्यायचं नाही.

धारणी_फाटा

ताई, मी २०२० चा, बीकॉम फायनलचा. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, होस्टेल खाली करून गावी आलो, आमचं गाव धारणीपासून आत आहे. लेक्चर सुरू झाले तर गावात नेटवर्क नाही, नाल्यापलीकडच्या टेकडीवर मोहाच्या झाडाखाली दोन दांड्या यायच्या. तिथे आम्ही पाच-सहा पोरं बसायचो, एकाच्याच मोबाईलवर लेक्चर लावायचो कारण सगळ्यांनी लावलं की सगळ्यांचंच अटकायचं. मेळघाट म्हटलं की लोकांना हाच किस्सा ऐकायचा असतो, पण मला आज त्या चढण्याचा त्रास एवढा आठवत नाही. उलट त्या झाडाखाली आमचं शिकणं बरं झालं. कॉस्टिंगचा हिशोब जमिनीवर काडीनं मांडायचो, एकाला समजलं की तो बाकीच्यांना सांगायचा.

आमच्यातल्या दोघांच्या घरची भाषा कोरकू. कॉलेजात सर एखादी गोष्ट मराठीत सांगायचे, मग हिंदीत, मग यांचे चेहरे पाहून अजून एकदा सोप्या शब्दांत. मोबाईलवर सर एकदाच सांगून पुढे जायचे, त्यांना तरी काय दिसणार, समोर नुसती नावं. त्या दोघांपैकी एकानं नंतर शिक्षण सोडलं. कारणं घरची पण होती, पण मला वाटते की तो वर्गात असता तर सरांनी त्याला सोडू दिलं नसतं.

आता परीक्षेचं. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) म्हणे सप्टेंबर संपायच्या आत फायनलची परीक्षा घ्या, राज्य सरकारला घ्यायची नव्हती, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला की परीक्षेशिवाय फायनलवाल्यांना पास करता येणार नाही. मग आमची ऑक्टोबरात झाली, मोबाईलवर, एमसीक्यू. ज्यांनी त्या टेकडीवर बसून अभ्यास केला त्यांचे आणि ज्यांनी ग्रुपवर उत्तरं मागितली त्यांचे मार्क सारखे. पुढे एका मुलाखतीत साहेबांनी वर्ष पाहिलं आणि मार्कशीट बाजूला ठेवली, काही विचारलंच नाही. ते अजून लागते मनाला. म्हणून तुम्ही बाकी काहीही मागा पण परीक्षा कॉलेजात, कागदावर, हे पहिल्याच ओळीत लिहा.

पुसदचा_मेकॅनिकल

स्वयमबद्दल मी सांगतो, कारण कॉलेजात त्याबद्दल अर्धवट माहितीवरच जास्त बोलणं होते. मी दोन कोर्स केले, दोन्ही एनपीटेलचे. स्वयम जुलै २०१७ ला सुरू झालं, एनपीटेल त्याच्याही आधीचं, आयआयटी आणि आयआयएससीवाल्यांचं. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची असेल तर फी भरावी लागते आणि ती परीक्षा घरून नाही, केंद्रावर जाऊन. वरच्या भाऊची भीती इथे लागू होत नाही, समोर सुपरवायझर असते. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ मार्क, असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हे दोन्ही लागतात, एकीकडे कमी पडलं की सर्टिफिकेट नाही. असाइनमेंट दर आठवड्याला, तारीख गेली की गेली, तिथे कोणी सर नाहीत विनंती करायला. हरभऱ्याच्या सोंगणीत नेमका तोच आठवडा निघून जाते, हे ध्यानात ठेव.

क्रेडिटचं लेखी घे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, पण ही वरची मर्यादा झाली, तू घेतलेला कोर्स तुझ्या कोणत्या विषयाच्या बदल्यात धरणार आणि त्याचे किती क्रेडिट लावणार हे आधी कॉलेज-विद्यापीठाकडून ठरलेलं पाहिजे. आमच्या ओळखीच्या पोरांनी चांगले मार्क घेऊन सर्टिफिकेट आणलं आणि मग कळलं की तो कोर्स यादीतच नव्हता. एबीसी आयडी, म्हणजे आपले क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, तो पण डिजिलॉकरवरून काढून ठेवा सगळ्यांनी, शेवटच्या दिवशी आधार आणि मार्कशीटवरच्या नावात फरक निघते आणि मग धावपळ.

शिकवण्याचं विचारशील तर माझं मत एकदम चांगलं आहे. असे शिकवणारे आमच्या तालुक्यात आलेच नसते कधी. थर्मोडायनॅमिक्सचे एक सर होते, गणित सोडवताना मध्येच थांबून म्हणायचे आता इथे तुम्ही ही चूक करणार, आणि मी तीच करत असायचो. मागे नेऊन पुन्हा पाहायचं, वेग कमी करायचा, हे वर्गात शक्य नाही. इंग्रजी जड गेलं तर व्याख्यानाची लिहिलेली प्रत पीडीएफमध्ये मिळते, काही कोर्सची मराठीतही आहे. माझ्याकडे रोजचा दीड जीबी, ३६०पीवर तासाला साधारण ३०० एमबी जाते, एचडी लावलं की दुपारीच डेटा संपणार.

पण एकट्यानं नका करू. आम्ही सहा जण शनिवारी लायब्ररीत बसून असाइनमेंट सोडवायचो म्हणून पूर्ण झाले. आमच्याच वर्गातले जे आपापल्या घरी करत होते त्यांच्यापैकी बहुतेकांचं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटलं.

रुईची_गाठ

राजेहो तुमी सारे कॉलेजात जाऊन शिकनारे, म्हनून ऑनलाइनमधी काय कमी हाये ते तुमाले दिसते. मी वणीकडं जिनिंगवर कामाले हाये, दिवाळीपासून सीजन सुरू झाला की रातपाळी दिवसपाळी काई ठिकाना नसते. बारावीनंतर बाप गेला, कॉलेज सुटलं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करून रायलो, पुस्तकं घरी येतात, व्हिडिओ मोबाईलवर पायतो. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाई म्हनून जेवनाच्या सुट्टीत बाहेर ट्रॅक्टरच्या मांगं बसून पायतो, वीस मिनिटं भेटतात, वीस मिनिटांचंच पायतो, उरलं ते दुसऱ्या दिवशी. कोनी मले इचारत नाई काल काहून नाई आला.

हे विद्यापीठ १९८९ पासून हाये, कितीक मानसं याच्यातून शिकून नोकरीले लागले. तरी लोक म्हनते मुक्तची डिग्री म्हंजे हलकी. यूजीसीनं २०२२ मधी पत्र काढलं हाये का मान्यता असलेल्या दूरस्थ आन ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धरा. मी ते मोबाईलमधी ठेवलं हाये, कोनी बोललं का दाखवतो.

म्हनून ताई, तू जे लिहशीन त्याच्यात ऑनलाइन वाईट असं नको लिहू. ज्याले दुसरा रस्ताच नाई त्याच्यासाठी तो रस्ता हाये. फक्त लाइव्ह नको, रेकॉर्ड पायजे. सकाळी ८ ले कोनाले जमते? मी तर तवा पाळी सोडून झोपेलो असतो.

तासिकेवरचा_मास्तर

मी वाशिम जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवतो, विषय बॉटनीच, म्हणून तुमची पोस्ट दोनदा वाचली.

रुईची_गाठ भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही काम करता म्हणून मुक्त विद्यापीठ निवडलं, तिथे पुस्तकं, अभ्यासकेंद्र, परीक्षा हे सगळं घरी बसून शिकणाऱ्याचा विचार करून बनवलेलं असते. या पोरांनी नियमित कॉलेजात ॲडमिशन घेतलं, फी भरली, आणि शिक्षकाची जागा रिकामी म्हणून त्यांच्यासमोर मोबाईल आला. त्यांना रस्ता निवडायला मिळालेला नाही. ऑनलाइन मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी जागा भरा ही मागणी मताच्या कागदात राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी सगळे म्हणतील चाललंय की.

लाइव्ह लेक्चरबद्दल शिक्षकाच्या बाजूनं सांगतो. मीटवर साठ नावं दिसतात, कॅमेरे बंद, मी विचारतो समजलं का, दोन जण यस सर टाइप करतात, रोज तेच दोघं. हजेरी मात्र पूर्ण लागते. पोरगं लॉगिन करून मोबाईल खिशात टाकून बैलं सोडायला गेलेलं असते, मागून घुंगराचा आवाज येतो तेव्हा कळते. मी त्याला रागवत नाही, घरचं काम आहे, पण ७५ टक्के हजेरीचा अर्थ तिथे काय उरला? लाइव्ह तासाचा खरा फायदा एकच, प्रश्न विचारणं, आणि नेमकं तेच होत नाही. तुमच्या वर्गातला तो न बोलणारा मुलगा माझ्या प्रत्येक वर्गात आहे.

आता बॉटनीपुरतं. थिअरी ऑनलाइन आणि प्रॅक्टिकल कॉलेजात अशी वाटणी कागदावर छान दिसते, हातानं काम करताना टिकत नाही. मी एकदलीय खोडाची रचना फळ्यावर कितीही वेळा काढली तरी पोरं ती पाठ करतात. मग मक्याचं खोड आणायला सांगतो, घरच्याच वावरातलं. ब्लेडनं काप घ्यायचा, पहिले दहा-बारा जाड येतात, वाकडे येतात, बोटाला ब्लेड लागते. एखादा काप पाण्यात तरंगताना जवळपास दिसेनासा होतो, तो ब्रशनं उचलायचा, सॅफ्रॅनिनचा, म्हणजे लाल रंगाचा थेंब टाकायचा, धुवायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाणी-अन्न नेणाऱ्या नळ्यांचे लाल ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतात. त्याच टेबलावर सूर्यफुलाच्या, म्हणजे द्विदलीय खोडाचा काप ठेवला की त्यात तेच ठिपके गोल रांगेत. त्या क्षणी पोरगं विचारते, सर हे असं काहून? तेव्हा थिअरी सुरू होते. हा प्रश्न त्याला तिथल्या तिथे विचारता आला पाहिजे, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला साठ जणांसमोर तो विचारणार नाही. म्हणून मागा की जो टॉपिक मॅडम ऑनलाइन घेतील त्याचं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात हवं आणि त्या मॅडमनी निदान महिन्यातून एकदा प्रत्यक्ष यावं.

तुरीचं_वावर

सर, खूप आभार, हे असं कोणी लिहिलंच नव्हतं. आमच्या प्रॅक्टिकलला मागच्या वेळी तयार स्लाइड दाखवल्या, काप आम्ही घेतलेच नाहीत, आता कळलं की काय राहिलं.

दादा तुमचं पण लिहून घेतलं, रेकॉर्डिंगची मागणी नक्की टाकते. फक्त एक सांगा, रेकॉर्डिंग असलं की नंतर पाहू नंतर पाहू असं होत नाही का? आमच्या वर्गात सगळ्यांना हीच भीती आहे.

रुईची_गाठ

होते ना ताई, होतेच. मी त्याच्यासाठी वहीत तारीख टाकून एक एक ओळ लिहतो काय पाह्यलं ते. आन अभ्यासकेंद्रावर ज्या दिवशी बोलावते त्या दिवशी सुट्टी काढून जातो, तिथं बाकीचे कितपत पुढं गेले ते कळते. तेवढा धाक पुरते मले.

एटापल्लीची_मी

मी गडचिरोलीची, एमए करते. आमच्या गावात पावसाळ्यात लाइट आणि टॉवर दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे घरून ऑनलाइन हा विषयच नव्हता. पण आम्हाला एक गोष्ट फार छान मिळाली ती सांगते. कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये व्याख्यानं आधीच डाउनलोड करून ठेवलेली असायची, पडद्यावर लावायची, आणि तासिकेवरच्या एक मॅडम सोबत बसायच्या. त्या विषयाच्या मोठ्या तज्ज्ञ वगैरे नव्हत्या, पण दर पाच-सात मिनिटांनी पॉज करायच्या आणि विचारायच्या, काय म्हणाले ते? कोणी मराठीत सांगायचं, कोणी माडियात आपल्या मैत्रिणीला सांगायचं, मग पुढे. पाऊण तासाचं व्याख्यान दोन तास चालायचं. माझ्या पूर्ण शिक्षणात जे सगळ्यात नीट समजलं ते या तासांमध्ये समजलं. तेच व्याख्यान मी नंतर तालुक्याला राहायला गेल्यावर एकटीनं मोबाईलवर पाहिलं तर डोळ्यांसमोरून गेलं नुसतं.

त्यामुळे मला कोणी विचारलं ऑनलाइन कसं वाटते तर मी विचारते, पॉज करणारं कोणी आहे का सोबत?

तुमच्या कॉलेजात नेट बरं असेल तर हे सहज होईल. नसेल तर स्वयम प्रभा हे सरकारचे शिकवण्याचे टीव्ही चॅनल आहेत, ते डिशवर दिसते, त्याला इंटरनेट लागत नाही. आणि कॉम्प्युटरचे कोर्स असतील तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल पहा, मराठी आवाजात आहे आणि ऑफलाइन चालते.

सोयाबीनवाले_काका

मी बारावी शिकलेलो हावो, माही पोरगी बीकॉमले हाये, तिनंच हे वाचून दाखवलं म्हनून लिहतो. त्या पोरीच्या मायचं खरं हाये, तिले दोष देऊ नका. आमाले घरी समजत नाई का पोरगी मोबाईलवर शिकून रायली का उगंच पायते. आन ती कानाले लावून बसली असन तं पाव्हने बी बोलतात. शाळेची घंटी वाजते तं सगळ्या गावाले समजते का पोरं शाळेत हायेत. याची घंटी नाई.

माहं म्हननं असं का कॉलेजनं एक कागद द्यावा, सही शिक्क्याचा, त्याच्यावर पोरीचं नाव, विषय आन टाइम. मी तो भिताडाले चिपकवीन. मंग तिची आजी असो का पाव्हना असो, त्या टायमाले तिले कोनी हाक मारनार नाई. कागदाले आमच्या घरात मान हाये.

पुसदचा_मेकॅनिकल

काका, हे एकदम मस्त सांगितलं तुम्ही. तुरीचं_वावर ताई, हे टाकच.

धारणी_फाटा

काकांचं टाका. आणि एटापल्लीच्या ताईंचं वाचून आमचं मोहाचं झाड आठवलं, तिथेही एकाच मोबाईलवर सगळे, कोणीतरी थांबव म्हणायचं.

तुरीचं_वावर

काल संध्याकाळी वर्गातले आम्ही काही जण लायब्ररीत बसलो आणि मसुदा केला, काकांची गोष्ट वाचून दाखवली तर त्या वेचणीवाल्या मैत्रिणीनं तीच ओळ आधी लिहा म्हटलं. इथे टाकते, काही राहिलं असेल तर सांगा.

"मा. प्राचार्य, आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ऑनलाइन व्याख्याने चालतील, परंतु रोज सकाळी ८ वाजता घरून लाइव्ह लेक्चर बहुतेकांना शक्य होणार नाही. व्याख्याने रेकॉर्ड करून मिळावीत आणि ती कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये एकत्र दाखवली जावीत, सोबत एक शिक्षक असावेत जे थांबवून समजावतील. ज्यांना घरूनच पाहावे लागेल त्यांना कॉलेजच्या सही-शिक्क्याचे वेळापत्रक द्यावे. ऑनलाइन शिकवलेल्या भागाचे प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात व्हावे आणि काप आम्हाला स्वतः घेऊ द्यावेत. मॅडमनी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष यावे. स्वयमचा कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात व किती क्रेडिटचा हे नावनोंदणीच्या आधी लेखी कळवावे. सर्व परीक्षा कॉलेजमध्येच व्हाव्यात. तसेच बॉटनीची रिक्त जागा भरण्यासाठी कॉलेजने पाठपुरावा करावा, तोपर्यंत तासिका तत्त्वावर शिक्षक मिळावेत."

तासिकेवरचा_मास्तर

चांगलं झालं आहे. दोनच बदल करा. जागेची ओळ शेवटी आहे ती वर घ्या, शेवटची ओळ मीटिंगमध्ये कोणी वाचत नाही. आणि "सोबत एक शिक्षक असावेत" म्हटलं की कॉलेज म्हणेल शिक्षकच नाही म्हणून तर हे सगळं. तिथे लिहा की शिक्षक उपलब्ध नसतील त्या दिवशी एमएस्सीचे विद्यार्थी किंवा लॅब असिस्टंट बसतील, त्यांना आदल्या दिवशी तो व्हिडिओ पाहायला मिळावा. म्हणजे नाही म्हणायला जागा राहत नाही.

आणि विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या, पूर्ण वर्गाच्या. जे येत नाहीत त्यांच्याही, गावी जाऊन घ्या लागल्या तर.

तुरीचं_वावर

हो सर, दोन्ही बदल केले. आमच्याकडे एमएस्सी नाही, पण तिसऱ्या वर्षाच्या दोन ताई तयार आहेत बसायला, त्यांना विचारलं. सह्या अर्ध्या झाल्या, बाकीच्या उद्या बाजाराच्या दिवशी होतील, त्या दिवशी सगळे तालुक्यालाच येतात. मीटिंग शनिवारी आहे.

एटापल्लीच्या ताई, तुमच्याकडे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचं काम कोण करायचं, कॉम्प्युटरवाले सर की विद्यार्थीच? आणि परवानगी वगैरे कोणाची लागली का? आमच्या कॉम्प्युटर रूमची चाबी ऑफिसात असते, ती कोणाच्या नावावर द्यायची हाच प्रश्न पहिला विचारतील असं वाटते.

एटापल्लीची_मी

विद्यार्थीच करायचे, दोघांची नावं रजिस्टरला असायची, सही करून चाबी घ्यायची आणि ५ च्या आत परत. परवानगी विभागप्रमुखांची लागली. आमच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो आहे माझ्याकडे, नावं झाकून तुला मेसेजमध्ये पाठवते, तसाच नमुना अर्जाला जोडून दे.